बंद लखोट्याची किल्ली

पत्र बंद करणें आणि पत्र उघडणें ह्या क्रिया मनुष्याच्या इतक्या अंगवळणीं पडल्या आहेत कीं, त्यांस कांहीं इतिहास असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु ज्या कुटुंबांचा बँकेशीं, रुग्णालयाशीं, वकिलाशीं अथवा परदेशांतील एखाद्या कचेरीशीं पत्रव्यवहार ई-मेलनें चालतो, त्यांस अलीकडे ह्या दुसऱ्या क्रियेचा विचार करणें भाग पडूं लागलें आहे. पत्र आलें म्हणून पाहावें तों आंत मजकूर नाहींच. हा संदेश सुरक्षित आहे अशा अर्थाची एक ओळ आणि तिच्याखालीं एक जोडपत्र, ज्याला सर्वजण अटॅचमेंट म्हणतात, एवढेंच हातीं लागतें. तें उघडूं जावें तर आपण कोण तें सिद्ध करा असा हुकूम सुटतो. मग एक आंकडी संकेत येतो, तो भरावा, तेव्हां कोठें पत्र डोळ्यांपुढें उभें राहतें. तें मुलीकडे पाठवूं म्हटलें तर पाठवितां येत नाहीं. कागदावर छापून घेऊं म्हटलें तर छापतां येत नाहीं. चार ओळी उतरून घेण्याचीही मनाई. कांहीं पत्रें तर नेमलेली मुदत संपली म्हणजे कायमचीं मिटतात.

आमच्या समजुतीप्रमाणें येथें दोन अगदीं निराळ्या वस्तु एकाच लखोट्यांत घातल्या गेल्या आहेत. पहिली वस्तु कुलूप. तें तिऱ्हाइताविरुद्ध असतें. पत्र ज्याचें त्याच्याच हातीं पडावें एवढाच त्याचा हेतु. दुसरी वस्तु दावें. तें ज्याच्या नांवानें पत्र लिहिलें त्याच्याच गळ्यांत असतें: पत्र तुला दाखवीन, पण तुझें होऊं देणार नाहीं. पहिल्याचा इतिहास शेंकडों वर्षांचा आहे. दुसऱ्याचें वय जेमतेम पाव शतक. दोन्ही एकत्र बांधलीं गेल्यामुळें कुलपाविषयींचा आपला आदर दाव्यासही आयताच मिळतो. तो त्यास कितपत मिळावा, हें ठरविण्यास थोडें मागें जाणें अवश्य आहे.

आपल्याकडील जुन्या कागदांपासूनच आरंभ करणें बरें. शिवकालीन किंवा पेशवाईंतलें एखादें राजपत्र पाहिलें तर माथ्यावर शिक्का आणि तळाशीं मोर्तब दिसतें. शिक्का पत्र कोणाचें तें सांगतो. मोर्तब तें कोठें संपलें तें सांगतें. शिवाजीमहाराजांच्या मोर्तबावरील अक्षरांचा अर्थच मुळीं येथें मर्यादा आहे असा आहे. त्या मर्यादेखालीं कोणी एक ओळ जरी घुसडली तरी ती परकी म्हणून ओळखावी, हा हेतु. लांब कागदांत दोन बंद एकमेकांस चिकटविलेले असत, तेथें सांध्यावरही शिक्का उमटवीत, म्हणजे मधला बंद काढून दुसरा बसविण्याची सोय राहत नसे. ह्या सर्व व्यवस्थेंत गुप्ततेचा विचार जवळजवळ नाहीं. पत्र खरें कीं बनावट ही एक चिंता, आणि पत्र वाटेंत कोणीं वाचलें कीं काय ही दुसरी. पहिलीचा भार शिक्क्यावर होता; दुसरीचा लखोट्याच्या डिंकावर, थैलीच्या गांठीवर आणि सर्वांत अधिक जासुदाच्या इमानावर.

केवळ इमानावर ज्यांस विसंबतां येत नसे त्यांत सावकार पहिले. त्यांचे कासीद दूरदूर धांवत, आणि वाटेंत पत्र कोणाच्या हातीं पडेल ह्याचा नेम नसे. म्हणून नाजूक मजकूर व्यापाराच्या भाषेंत गुंडाळीत. जानेवारी १७६१ मध्यें पानिपतच्या संहाराची बातमी नानासाहेब पेशव्यांस नर्मदेच्या आसपास कळली ती अशाच एका पत्रानें. ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासांत ती हकीकत दिली आहे, आणि मराठी घरांत ती शाळकरी मुलांसही ठाऊक असते: दोन मोत्यें विरघळलीं, सत्तावीस मोहरा गमावल्या, रुप्या-तांब्याचा तर हिशेबच लागत नाहीं. परंतु ज्या गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाहीं ती ही कीं, तें पत्र पेशव्यांस लिहिलेलें नव्हतेंच. सावकारांचा कासीद औरंगाबादेस निघाला होता; त्याच्याजवळचें पत्र पेशव्यांनीं उघडविलें. त्या पत्रावर त्यांचा हक्क नव्हता, पण त्याची किल्ली मात्र त्यांच्याच काळजांत होती. एक मोतीं पोटचा मुलगा आणि दुसरें चुलतभाऊ, हें त्यांस कोणी समजावून सांगावें लागलें नाहीं. कूटलेखनाचा हा प्रकार तसा दुबळाच म्हणावयाचा. ज्याला प्रसंग ठाऊक आहे त्याच्यापुढें तो टिकत नाहीं.

पानिपतापूर्वीं पावणेदोनशें वर्षें इंग्लंडांत ह्याहून पुष्कळ कसबाचें कुलूप एका राणीनें वापरलें, आणि तेंच तिच्या गळ्याशीं आलें. स्कॉटलंडची राणी मेरी ही एलिझाबेथच्या कैदेंत असतां तिचा पत्रव्यवहार अक्षरांऐवजीं चिन्हें योजून चाले. वारंवार येणाऱ्या शब्दांस व नांवांस स्वतंत्र चिन्हें असत. १५८६ सालीं बॅबिंग्टन नांवाच्या तरुणानें मेरीच्या सुटकेचा आणि एलिझाबेथच्या वधाचा कट रचला. पत्रें बिअरच्या पिंपांत लपवून आंतबाहेर जात. मेरीस वाटे, वाटही गुप्त आहे आणि लिपिही गुप्त आहे. वस्तुतः ती वाट एलिझाबेथचा मंत्री वॉल्सिंगहॅम ह्याच्याच माणसांनीं आंखून दिलेली होती. त्याच्या पदरीं आर्थर ग्रेगरी नांवाचा इसम मोहोर केलेला लखोटा उघडून तो पुन्हा जशाचा तसा बंद करण्यांत निष्णात होता, आणि टॉमस फेलिप्स हा सांकेतिक लिपि उलगडण्यांत. बॅबिंग्टनला गेलेलें मेरीचें उत्तर फेलिप्सनें उलगडलें, आणि तेवढ्यावर तो थांबला नाहीं. कटांतील सहा गृहस्थांचीं नांवें कळवावीं अशी मागणी करणारा एक ताजा कलम त्यानें मेरीच्याच लिपींत पत्राच्या अखेरीस जोडून दिला. आपल्याकडचा एखादा जुना फडणीस तेथें असता तर त्यानें पहिल्यानें हेंच विचारलें असतें कीं, मोर्तब कोठें आहे?

मेरीचा दोष लिपि सोपी होती हा नव्हे. लिपीवर भरंवसा ठेवून ती उघड्या पत्रांत जें कधींच लिहिती ना तें ह्या बंद पत्रांत लिहून बसली, हा होय. कच्चें कुलूप मुळींच कुलूप नसण्यापेक्षां वाईट, ह्याचें ह्याहून ठसठशीत उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. ८ फेब्रुवारी १५८७ रोजीं तिचा शिरच्छेद झाला. त्याच दिवशीं उजाडण्यापूर्वीं तिनें आपला दीर, फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री, ह्यास शेवटचें पत्र लिहिलें. तें बंद करण्याची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. त्याच कागदाच्या कडेची एक अरुंद पट्टी कापून, घड्या घातलेल्या पत्रास छिद्र पाडून, ती पट्टी त्यांतून फिरकीसारखी ओंवली. पट्टी तोडल्यावांचून पत्र उघडत नसे, आणि तुटलेली पट्टी सांधतां येत नसे. चोरास अडविणें हें तिचें काम नव्हे. चोरी लपूं न देणें एवढेंच तिचें काम.

हीच युक्ति अडीचशें वर्षांनंतर मॅझिनीनें निराळ्या रूपानें केली. सावरकरांनीं भाषांतरिलेल्या त्याच्या आत्मचरित्रामुळें १९०७ पासून तो मराठी वाचकांस परका राहिलेला नाहीं. लंडनांत परागंदा होऊन राहिला असतां आपलीं पत्रें टपालांत उघडलीं जातात असा त्यास संशय आला, तेव्हां त्यानें लखोट्यांत खसखशीचे दाणे, केस, वाळूचे कण घालून परीक्षा पाहिली. संशय खरा ठरला. १८४४ सालीं प्रकरण पार्लमेंटांत गेलें. गृहमंत्री सर जेम्स ग्राहम ह्यांस वॉरंट निघाल्याचें नाकारतां आलें नाहीं, देशभर गिल्ला झाला आणि टपालखात्यांतील पत्रें फोडणारी गुप्त कचेरी बंद करण्यांत आली. सरकारचा अधिकार मात्र कायद्यांतून गेला नाहीं. आपल्याकडे १८९८ च्या टपाल कायद्यांत तो होता, आणि त्याच्या जागीं आलेल्या २०२३ च्या कायद्यांतही आहे.

येथवर कुलूप करणाऱ्यापेक्षां फोडणाराच वरचढ दिसतो. हें पारडें फिरलें तें गणितामुळें. १८८३ सालीं ऑगस्ट केर्कहोफ्स नांवाच्या, हॉलंडांत जन्मलेल्या व फ्रान्सांत अध्यापन करणाऱ्या पंडितानें लष्करी कूटलेखनावर लेख लिहिले. कुलपाची रचना शत्रूच्या हातीं पडली तरी बिघडूं नये. गुप्त राहावी ती फक्त किल्ली, हें त्याचें तत्त्व आजही ह्या शास्त्राचा पाया मानलें जातें. पण किल्ली पोंचवावयाची कशी, हा पेंच तसाच राहिला. ज्यास पत्र लिहावयाचें त्यास आधीं एकांतांत भेटून किल्ली दिलेली असली पाहिजे. तसें नसेल तर किल्लीचें पत्रही बंदच पाठवावें लागणार, आणि त्यास पुन्हा दुसरी किल्ली. राजांस आणि सेनापतींस विश्वासू माणसें धाडून हें साधत असे. दोन परक्या माणसांस तें साधण्यासारखें नव्हतें.

व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन ह्या दोन अमेरिकनांनीं १९७६ सालीं हा पेंच सोडविण्याची दिशा दाखविली, आणि पुढच्याच वर्षीं रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन ह्या त्रिकुटानें तीस प्रत्यक्ष रूप दिलें. कल्पना अशी. समजा, एका गृहस्थानें खटक्याचीं पुष्कळ कुलुपें उघड्या स्थितींत गांवभर वाटून दिलीं, आणि त्या सर्वांस लागणारी एकच किल्ली आपल्या कनवटीस ठेवली. आतां कोणीही पेटींत पत्र घालून खटका दाबावा आणि पेटी त्यांच्याकडे पाठवावी. खटका दाबण्यास किल्ली लागत नाहीं. दाबणाऱ्यासही ती पुन्हा उघडतां येत नाहीं. गणितांत ह्या खटक्याचें काम दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करतो. गुणाकार करणें क्षणाचें काम. पण नुसता गुणाकार पाहून त्या दोन संख्या कोणत्या हें शोधणें अतिशय कठीण. शिवाय हेंच यंत्र उलट फिरवितां येतें. धन्यानें आपल्या किल्लीनें पत्रावर खूण उमटविली तर ती त्याचीच आहे, आणि खालचा मजकूर एका अक्षरानेंही बदललेला नाहीं, हें कोणासही पडताळून पाहतां येतें. म्हणजे शिक्का आणि मोर्तब हीं दोन्हीही ह्या एकाच युक्तींत परत आलीं. ब्रिटिश सरकारच्या गुप्तलेखन-कचेरींत जेम्स एलिस ह्यास ही कल्पना १९७० सालींच सुचली होती, आणि क्लिफर्ड कॉक्स ह्यानें १९७३ सालीं ती गणितानें साधलीही होती. पण कचेरीनें ही गोष्ट जगास सांगितली ती डिसेंबर १९९७ मध्यें. एलिस त्याच्या आदल्याच महिन्यांत वारला होता.

ह्या कुलपाचें बळ किती हें दाखविण्यासाठीं १९७७ सालीं मार्टिन गार्डनर ह्यानें आपल्या गणितरंजनाच्या सदरांत १२९ आंकड्यांची एक संख्या आणि तिनें बंद केलेला एक छोटा संदेश छापला, आणि उघडणारास शंभर डॉलरचें बक्षीस लावलें. त्या वेळचा अंदाज असा होता कीं, ह्यास ४० पद्म वर्षें लागतील, म्हणजे चारावर सोळा शून्यें. संदेश उघडला १९९४ सालीं. म्हणजे सतरा वर्षांत. सुमारें ६०० स्वयंसेवकांनीं आपापलीं यंत्रें ई-मेलच्या साहाय्यानें एकत्र जुंपून आठ महिन्यांत ती संख्या फोडली. आंत काय निघालें? मंत्राक्षरें म्हणजे किळस आलेला हाडफोड्या गिधाड, अशा अर्थाचें एक निरर्थक वाक्य! गणितज्ञांचा विनोद असाच असतो. पण ४० पद्मांचीं १७ वर्षें कशीं झालीं हें विसरण्यासारखें नाहीं. तेव्हांपासून किल्ल्या पुष्कळ लांब करण्यांत आल्या आहेत, आणि पुंज-यंत्रें उद्यां मोठीं झालीं तर काय, ह्या धास्तीनें २०२४ सालीं अमेरिकेच्या मानक-संस्थेनें निराळ्या गणितावर बसविलेलीं नवीं कुलुपें जाहीरही केलीं आहेत.

ई-मेलची कथा ह्याच सुमाराची. रे टॉमलिन्सन ह्यानें १९७१ सालीं एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावरील माणसास पहिलें पत्र धाडलें. त्यास जोडपत्र लावण्याची सर्वमान्य रीत मात्र १९९२ सालीं आली. ११ मार्च रोजीं नेथॅनिएल बोरेन्स्टीन ह्यानें आपल्या गायन-चौकडीचें छायाचित्र आणि गाणें जोडून पाठविलें, आणि आज जगभर धांवणाऱ्या असंख्य जोडपत्रांचा तो पूर्वज ठरला. त्यावेळचें ई-मेल म्हणजे उघडें कार्डच. वाटेंतल्या कोणत्याही टप्प्यावर वाचतां येई. त्याला लखोटा दिला फिलिप झिमरमन ह्यानें. अण्वस्त्रविरोधी चळवळींतल्या ह्या गृहस्थानें १९९१ सालीं सामान्य माणसासाठीं कूटलेखनाची आज्ञावली रचून फुकट वांटली. अमेरिकन कायदा त्या काळीं भक्कम कूटलेखनास दारूगोळ्याच्या पंक्तीस बसवीत असे. परवान्यावांचून तें परदेशीं जाऊं देणें गुन्हा. झिमरमनची तीन वर्षें चौकशी चालली आणि १९९६ सालीं आरोपावांचून सोडून देण्यांत आली. दरम्यान १९९५ सालीं एम.आय.टी. च्या प्रकाशनसंस्थेनें ती संपूर्ण आज्ञावली पुस्तकरूपानें छापली. छापील पुस्तकास निर्यातबंदी लागूं नव्हती! पुढें अशाच छापील पानांवरून यूरोपांत ती पुन्हा अक्षरशः यंत्रांत उतरवून घेण्यांत आली. दारूगोळा म्हणून अडविलेली वस्तु ग्रंथ म्हणून सीमेपार गेली, ही गोष्ट छापखान्याच्या इतिहासांतही नोंदविण्यासारखी आहे.

येथपर्यंत सर्व कुलपाची कथा झाली. कुलूप पत्र लिहिणारा आणि वाचणारा ह्या दोघांच्या बाजूचें होतें. एकदां किल्ली फिरली कीं पत्र वाचणाऱ्याचें झालें. पुढें त्यानें तें जाळावें, जपावें कीं चारचौघांत वाचून दाखवावें, हा त्याच्या सभ्यतेचा प्रश्न.

२००३ सालीं मायक्रोसॉफ्टनें कचेऱ्यांसाठीं हक्करक्षणाची जी व्यवस्था बाजारांत आणली तिच्यांत हा क्रम बदलला. ह्या जातीच्या व्यवस्थांची रीत अशी. पत्र एका किल्लीनें बंद होतें. ती किल्ली पत्रासोबत जाते, पण तीही बंद करूनच, आणि ती उघडण्याचें सामर्थ्य वाचणाऱ्याजवळ नसून दूरच्या एका यंत्राजवळ, म्हणजे सर्व्हरजवळ असतें. वाचणाऱ्यानें त्या द्वारपालाकडे जाऊन आपली ओळख पटवावी. मग तो किल्ली देतो आणि तिच्यासोबत अटींचा कागद: वाचण्यास हरकत नाहीं, छापूं नये, पुढें धाडूं नये, अमुक तारखेनंतर उघडूं नये. ह्या अटी पाळण्याचें काम वाचणाऱ्यावर सोंपविलेलें नसतें; ज्या आज्ञावलींत पत्र उघडतें तीच त्या पाळविते. म्हणूनच नेमलेली आज्ञावली नसेल तर तें जोडपत्र म्हणजे निव्वळ अक्षरांचा लगदा दिसतो, आणि पुष्कळ भोळीं माणसें पत्रच बिघडलें असें समजून तें काढून टाकतात. पत्र लिहिणारा, वाचणारा आणि द्वारपाल असे आतां तिघे झाले, आणि तिघांत बळकट तिसरा.

त्या तिसऱ्याचेंच दुखणें निघालें तर? डिसेंबर २००९ मध्यें तसें झालें. ऑफिसच्या २००३ च्या आवृत्तींत एका प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि जगभरच्या कचेऱ्यांतलीं ह्या व्यवस्थेनें बंद केलेलीं पत्रें ज्यांनीं लिहिलीं त्यांसही उघडेनात. कंपनीनें लगोलग दुरुस्ती पाठविली आणि दारें उघडलीं. पण कोणी शत्रू नसतां, कोणी चोर नसतां, केवळ तारीख उलटल्यामुळें माणसें आपल्याच कागदांस मुकलीं होतीं. त्याच वर्षीं जुलैमध्यें अमेझॉननें हक्काच्या भानगडीमुळें ऑर्वेलचें '१९८४' हें पुस्तक विकत घेणाऱ्यांच्या वाचनयंत्रांतून दुरूनच काढून घेतलें व पुढें दिलगिरी प्रदर्शित केली. निवडावयास दुसरें पुस्तक मिळालें नाहीं काय, असें वाटून हंसूं येतें. पण प्रकार हंसण्यासारखा नव्हता.

दाव्यास मुळींच कारण नाहीं असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. रुग्णाचा अहवाल, परीक्षेची प्रश्नपत्रिका, कराराचा कच्चा खर्डा हे कागद ज्यास पाठविले त्याच्यापाशींच राहावेत हें योग्यच. परंतु दावें जेथें खरोखर तोडावयाचें असतें तेथें तें तुटतें. पडद्यावरच्या पत्राचें दुसऱ्या फोननें छायाचित्र काढणाऱ्यास कोणता द्वारपाल अडविणार? पीडीएफ जातीच्या कागदाची तर मौज अशी कीं, त्यास दोन पासवर्ड असूं शकतात. पहिल्यावांचून कागद उघडतच नाहीं, तें खरें कुलूप. दुसरा केवळ छपाई आणि नक्कल बंद करतो. ती मनाई उघडणाऱ्या आज्ञावलीनें सभ्यपणानें मानली तरच चालते. म्हणजे लबाडास दावें अडवीत नाहीं, आणि वडिलांचा तपासणी-अहवाल दुसऱ्या डॉक्टरास दाखवूं इच्छिणारी मुलगी मात्र त्यांत हमखास अडकते. आणि कुलपाच्या बाजूनें आपण किती दक्ष आहों? ई-आधारचा कागद उघडण्यास नांवाचीं पहिलीं चार इंग्रजी अक्षरें आणि जन्मसाल लागतें. कित्येक बँकांचे हिशेबही अशाच किल्लीनें उघडतात. ही किल्ली घरांतल्या सर्व मावश्यांस, आत्यांस आणि लग्नपत्रिकेच्या यादींतल्या निम्म्या मंडळींस ठाऊक असते.

आमच्या दृष्टीनें ह्याहून गंभीर प्रश्न पुढच्या पिढीचा आहे. मराठ्यांचा इतिहास ज्यांनीं नव्यानें लिहिला त्यांनीं तो दुसऱ्यांचीं पत्रें वाचून लिहिला. राजवाड्यांनीं साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं काढला आणि पुढें असे बावीस खंड प्रसिद्ध झाले. वासुदेवशास्त्री खऱ्यांनीं पटवर्धनी दप्तर उपसलें. सरदेसायांनीं पेशवे दप्तरांतून पंचेचाळीस खंड निवडले. त्यांस वाळवी आडवी आली, उंदीर आडवे आले, संशयी मालक आडवे आले. लखोटा कधीं आडवा आला नाहीं. एकदां मोहोर फुटली कीं दीडशें वर्षांनींही मोडी जाणणारास तें पत्र खुलें. संकेतांत लिहिलेलींही कायमचीं बंद राहत नाहींत. मेरीचींच पन्नासांहून अधिक सांकेतिक पत्रें पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत कोणाचीं तें न कळतां पडून होतीं. तीं तिघां अभ्यासकांनीं संगणकाच्या मदतीनें उलगडून २०२३ सालीं प्रसिद्ध केलीं. जुन्या कुलपांच्या दुबळेपणाचें इतिहासावर मोठेंच उपकार आहेत. आजचें भक्कम कुलूप, त्याची किल्ली सांभाळणारी कंपनी आणि ओळख पटविणारा वारलेला मनुष्य, ह्या तिहींपैकीं शेवटचे दोन नाहींसे झाले म्हणजे कोणत्या राजवाड्यांनीं काय करावें? म्हणून ज्यांस घरचे कागद जपावयाचे आहेत त्यांनीं, लिहिणाराची परवानगी घेऊन, महत्त्वाच्या पत्राची एक मोकळी प्रत वेळींच मागून ठेवावी, आणि आपल्याच कुलपांच्या किल्ल्या घरांतील एका विश्वासू माणसास ठाऊक करून द्याव्या. पत्र पाठविणाऱ्या कचेऱ्यांनींही कुलूप लावतांना दावें खरोखर हवें आहे काय, हें कागदागणिक पाहावें. हल्लीं तें सरसकट लावलें जातें.

हॉलंडांतील हेग शहरीं सतराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिएन नांवाचा एक पोस्टमास्तर होता. टपालहांशील तेव्हां पत्र घेणारा भरी. म्हणून जीं पत्रें कोणीं सोडवून नेलीं नाहींत तीं पुढें कोणी नेईल ह्या आशेनें त्यानें एका पेटींत ठेवून दिलीं. अशीं सुमारें २६०० पत्रें उरलीं, आणि त्यांपैकीं सुमारें ६०० कधींच उघडलीं गेलीं नव्हतीं. २०२१ सालीं संशोधकांनीं त्यांतील एक पत्र घडी न मोडतां वाचून दाखविलें. दांतांच्या अभ्यासासाठीं केलेल्या क्ष-किरण यंत्रानें शाईचे थर टिपले, आणि कागदाच्या घड्या संगणकानें उलगडल्या. ३१ जुलै १६९७ चें तें पत्र झाक सेनाक नांवाच्या गृहस्थानें हेग येथील आपल्या चुलतभावास लिहिलें होतें. दानिएल ल पेर ह्या नातलगाच्या मृत्यूच्या दाखल्याची सही-शिक्क्याची नक्कल पाठवावी, एवढीच विनंती. तें भावास मिळालें नाहीं. त्या पेटींतलीं इतर बंद पत्रें फोडावयाचीं नाहींत असें संशोधकांनीं ठरविलें आहे. त्यांच्या घड्या आणि त्यांवरच्या मोहरा हाच आतां अभ्यासाचा एक विषय होऊन बसला आहे.